जैतुनबी आणि पाचटाचा ढीग

जैतुनबीला फोन लावला की पहिले शब्द कानावर यायचे, "न्हाई जमायचं." कोण बोलतंय, काम कसलं, कधी हवंय, ही चौकशी त्यानंतर. समोरचा माणूस गोंधळून गप्प झाला की मग तिचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. "बोला भाऊ, कोन बोलतंय?" असं का करतेस म्हणून मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "आधी न्हाई म्हनलं का मानूस इनवनी करतं. आन इनवनी केलेलं मानूस शेतावर गेल्यावर आमच्यावर वरडत नाय."

कळंब आणि आजूबाजूच्या गावांत शेतकामाला बायका हव्या असल्या की जैतुनबीला गाठावं लागे. तिची टोळी होती. सकाळी पिकअपमध्ये सगळ्या बायका दाटीवाटीनं उभ्या आणि ड्रायव्हरशेजारी, काचेला कोपर टेकवून, जैतुनबी. मूळची जुन्नरची. तिचा नवरा भांड्यांना कल्हई करायचा. तो गेल्यावर ती कळंबला आली आणि इथलीच झाली. ठेंगणी, रुंद, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट रुमाल. टोळीत बहुतेक बायका मराठा, दोघीतिघी ठाकर, मुसलमान ही एकटी. पण नवरात्रात कोणी उपास सोडायच्या आत फरसाण खाल्लं तर रागावायची हीच.

शेतीतलं तिला फार कळत होतं असं नाही. मात्र कळत नाही असं तिनं कधी कोणाला कळू दिलं नाही. "वांग्याला दुपारी हात लावू नये, त्याला ताप येतो," असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की मालक मान डोलवायचा आणि बायकांना दुपारची सावली मिळायची. कांद्याच्या काढणीत म्हणे बोलत बोलत काम केलं की कांदा टिकतो. हे शास्त्रसुद्धा तिचंच.

माझी तिची गाठ पडली ती पाचटामुळे, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यामुळे. मी मंचरच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीच्या सुमारास आम्ही कळंबजवळ थोडी जमीन घेतली आणि ह्यांनी हौसेनं आंबे, चिकू, सीताफळ लावलं. झाडं गुडघ्याएवढी झाली आणि हे गेले. मुलगा निखिल पुण्यात. त्याचं म्हणणं, आई, एकटी कशाला राहतेस, विकून टाकू आणि तू आमच्याकडे ये. त्यात वाईट काहीच नव्हतं. काळजीच होती. पण रोज फोनवर तेच ऐकून माझा नकार दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. शेवटी शेवटी मी "बघू" म्हणायला लागले होते.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी ठरवलं, निदान झाडांच्या बुडाशी आच्छादन घालू, म्हणजे पाणी कमी लागेल. शेजारच्या बबनरावांचा ऊस नुकताच तुटून गेला होता. मी थोडं पाचट मागितलं. "अहो, थोडं कशाला?" ते म्हणाले. मला वाटलं काय उदार माणूस! दुसऱ्या दिवशी मी मंचरहून परत आले तर माझं फाटक दिसेना. ट्रॉलीमागून ट्रॉली रिकामी करून बबनरावांनी आपलं अख्खं शेत साफ केलं होतं आणि फाटकासमोर वाळक्या पाचटाची टेकडी उभी केली होती. मला कुंपणाच्या तारेखालून वाकून घरात शिरावं लागलं. वर त्यांचा फोन, "बाई, खूश ना?"

टोमॅटो आणि कांद्याचा हंगाम ऐन भरात होता. मजूर कोणाला मिळत नव्हते. एका विद्यार्थिनीच्या आईनं जैतुनबीचा नंबर दिला. पहिले शब्द अर्थात "न्हाई जमायचं". मी रीतसर विनवणी केली.

दुसऱ्या दिवशी पिकअप ढिगासमोर थांबली. जैतुनबी उतरली, तिनं कमरेवर हात ठेवून ढीग पायथ्यापासून माथ्यापर्यंत न्याहाळला आणि म्हणाली, "बाई, तुमी पाचट मागितलं का डोंगर?"

"थोडंच मागितलं होतं."

"कुनाला?"

मी बबनरावांचं नाव सांगितलं. तिनं तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. "बबनभाऊ, लई मोठं मन तुमचं. सगळीकडं बोलबाला झालाय. बाई म्हनत्यात, येवढं दिलं त्ये ट्रॅक्टर आन ट्रॉली न्हाई म्हनतील व्हय, आतमधी वाहून न्ह्यायला?" बाई असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. अर्ध्या तासात बबनराव स्वतः ट्रॅक्टर चालवत आले. येताना टोपीही घालून आले होते.

काम सुरू झालं. पाचटाची पात अंगाला कापते, तिची बारीक कूस कातडीत घुसते, म्हणून सगळ्या बायकांनी साडीवर पुरुषी शर्ट चढवले, तोंडं बांधली. दोघीतिघी लांब दांड्याच्या दाताळ्यानं ढीग ओढून ट्रॉलीत भरत, बाकीच्या आत झाडांच्या आळ्यांभोवती पसरत. मी मधे मधे लुडबुड करत होते. पाचट खोडाला चिकटू देऊ नका, एवढं मी वाचलं होतं आणि ते प्रत्येकीला सांगत होते. जैतुनबीनं मला हळूच बाजूला घेतलं. "बाई, त्या पलीकडच्या कोपऱ्यात मुंग्या किती हायेत बघून या बरं. लई म्हत्त्वाचं हाय." मी जाऊन मुंग्या बघत बसले. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत निखिलचा फोन आला. "आई, मी रस्त्यात आहे. एक गृहस्थ जागा बघायला सोबत आहेत. नुसती बघतील." मी फोन ठेवला. जैतुनबी भाकरी खात होती. तिनं विचारलं, "कुनाचा फोन?" मी सांगितलं. मुलगा येतोय, गिऱ्हाईक घेऊन. तिनं भाकरीचा तुकडा संपवला, हात धुतले आणि फाटकाकडे जाऊन दाताळं टेकून उभी राहिली.

गाडी आली आणि उरलेल्या ढिगापाशी अडली. निखिल उतरला, त्याच्यामागे पांढऱ्या बुटांतले एक साहेब. त्यांना इथे शनिवार-रविवारसाठी पर्यटकांच्या खोल्या बांधायच्या होत्या. मी कुंपणाच्या आत होते, त्यांना दिसत नव्हते, पण बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"हे काय आहे? गाडी आत कशी न्यायची?" साहेबांनी विचारलं.

"हळू बोला साहेब," जैतुनबी कुजबुजली. "आतमधी पिल्लं हायेत."

"कसली पिल्लं?"

"वाघाची. बिबट्या म्हनत्यात तुमच्यात. उसात व्हती, पाचटासंगं ट्रॉलीत आली. आता आई येती तवर आमाला थांबावं लागनार."

जुन्नर-आंबेगावात बिबट्याची गोष्ट कोणी हसण्यावारी नेत नाही. ऊसतोडीत पिल्लं सापडतात, त्यांची आई त्यांना न्यायला येते, हे साहेबांनीही कुठेतरी वाचलं असणार. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. निखिल मात्र इथलाच. "मावशी, दिवसाढवळ्या?" तो म्हणाला.

"तिला घड्याळ कोन देनार, दादा?"

साहेबांनी घसा साफ केला. "वनखात्याला कळवलंय का?"

"कळवलंय की. त्ये म्हनले, बाईंची सवय झालीय तिला, बाईंना काय करत न्हाई. नव्या मानसाचं सांगता येत न्हाई."

आणि नेमक्या त्याच क्षणी ढीग घुरघुरला. मी शपथेवर सांगते, मीही दोन पावलं मागे सरले. खोल, ओला, लांबलचक आवाज. पाचट वर झालं आणि खाली बसलं. साहेब गाडीत कधी बसले ते कोणाला दिसलं नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा आला. त्यांनी आतून निखिलला खुणा केल्या. निखिल त्यांना कळंबच्या फाट्यावर सोडायला गेला, तिथून ते मिळेल त्या वाहनानं पुण्याला गेले. नंतर त्यांचा फोन कधी आला नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर ढिगातून रखमा बाहेर आली. टोळीतली सगळ्यात जाडजूड बाई. जेवल्यावर पाचटाच्या सावलीला आडवी झाली होती, वरचा थर घसरून तिच्या अंगावर पांघरुणासारखा बसला होता, आणि तिचं घोरणं साऱ्या टोळीत प्रसिद्ध होतं. केसांतली पात काढत ती म्हणाली, "जेवनाची सुट्टी संपली व्हय?" बायका हसून हसून जमिनीवर बसल्या. जैतुनबी तेवढी उभी होती, चेहऱ्यावर रेषही न हलवता. "रखमे, आज तुला निम्मंच काम," ती म्हणाली.

निखिल परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते. त्याला सगळं कळलं होतं. रखमाच्या केसांत अजून निम्मं पाचट होतं. "आई, ही बाई..." त्यानं सुरुवात केली, आणि जैतुनबीनं दाताळं त्याच्या हातात दिलं. "दादा, रागाला येवढा ढीग बराबर हाय. वढा."

तो ओढायला लागला. आधी रागानं, मग नुसताच. अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात हात ओरबाडून निघाले. एका बाईनं आपला शर्ट काढून दिला, फुलाफुलांचा, तो घालून माझा कंपनीतला साहेब मुलगा वडिलांनी लावलेल्या प्रत्येक झाडाजवळ वाकून पाचट पसरत होता. एका आंब्यापाशी तो बराच वेळ थांबला. "हा बाबांनी लावला तेव्हा मी होतो ना गं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. संध्याकाळी फाटक पूर्ण उघडलं, त्याची गाडी आत आली. जेवताना जागेचा विषय निघाला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "राहू दे सध्या. चिकू लागले की बघू." चिकू लागले, दोन्ही हातांनी तोडून तो पुण्याला नेतो, आणि ते "बघू" अजून बघितलेलं नाही.

त्यानंतर जैतुनबी माझ्याकडे दर हंगामाला यायची. काम नसलं तरी बेल्ह्याच्या बाजारावरून येताना पिकअप थांबवायची. मग तिचे गुडघे गेले. पिकअपमध्ये चढता येईना. संगमनेरला दिलेली तिची मुलगी तिला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी जैतुनबी माझा निरोप घ्यायला आली. ओसरीवर बसली, मी चहा ठेवला.

तेव्हा मी तिला विचारलं, "जैतुनबी, त्या दिवशी ते वाघाचं का गं रचलंस? मी तर तुला काहीच सांगितलं नव्हतं. मला विकायचं नाही, असंसुद्धा बोलले नव्हते."

ती आधी नेहमीप्रमाणे काहीतरी फिरकी घेणार होती. तोंड तसं झालंही होतं. मग तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"जुन्नरला माजं घर व्हतं, बाई. दोन खोल्या. आमचे मालक गेले आन पोरानं इकलं. समदे खरं बोलत व्हते. कागद खरा, सही खरी, माजा अंगठाबी खरा. शेजारचे बी म्हनले, पोरगा हाय, त्याचंच हाय. माज्या बाजूनं येक खोटं बोलाया कुनी नव्हतं."

मी कपात चहा ओतत होते, आणि ओतता ओतता डोळे भरून आले. जैतुनबीनं कप माझ्या हातातून काढून घेतला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "रडू नगा बाई. चहात पानी आधीच जास्ती झालंय."