आमच्या पूजेतली बंदूक आणि सुंडल खाऊन गेलेले टीव्हीवाले

चेन्नईतल्या मराठी मंडळींनो, आज खंडेनवमीला आमच्याकडे काय झालं ते ऐका.

आमचे हे फौजेतून रिटायर झालेले. आता इथल्या गिंडी भागात बँकेच्या दारावर उभे राहतात. बंदूक स्वतःची, लायसनची. सकाळी दरवर्षीसारखं तिला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. शेजारी माझं शिलाई मशीन, विळी आणि घरमालकांच्या स्कूटरची किल्ली. ती त्यांनीच आणून ठेवली.

तेवढ्यात सणाचं शूटिंग करत टीव्हीवाले आले. मेल्यांनी प्रसादाचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ, दोनदा मागून खाल्लं. वर एक दीडशहाणा ह्यांना म्हणतो, "सार, मिशीला पीळ द्या, जरा रागाने बघा."

हे म्हणाले, "पूजेत कसला राग रे बाबा?"

संध्याकाळी बातम्यांत नुसती बंदूक आणि ह्यांच्या मिशा! मागे भुताच्या पिक्चरचं म्युझिक. खालची तमिळ पट्टी लेकीने वाचली: 'घरात बंदूक, शेजारी भयभीत'. मशीन, विळी, किल्ली सगळं कापलं. शेजाऱ्यांना विचारलं कोणी? कोणी नाही.

लगेच घरमालक वर आले. "अम्मा, दुसरं घर बघा. टीव्ही बघून बायको घाबरली."

मी म्हटलं, "बघते. ती बंदुकीजवळची किल्ली तेवढी उचला."

तर म्हणतात, "आज नको अम्मा, पूजा हलवू नये. उद्या नेतो. तिथे सेफ आहे."

म्हणजे किल्ली बंदुकीच्या भरवशावर आणि आम्ही रस्त्यावर! सांगा, उद्या आधी घर शोधू, की त्या सुंडलखाऊंना गाठू?