मुलींच्या शाळेची पाणीवाली

माझं काम गेलं तवा शाळेच्या अंगणात हेडमास्तर व्हते, बोर्डाचे सायेब व्हते, मुलींच्या शाळेची पाणीवाली व्हती, आन् डोईवर घागर घेऊन आलेली मी.

दौंडात रेल्वेवाल्यांच्या बदल्या झाल्या, पोरी कमी झाल्या, म्हणून मुलींची शाळा आमच्या मुलांच्या शाळेत घातली. शाळा एक झाली आन् पाणीवाल्या दोन, ती आन् मी. त्यातली एकच ऱ्हाणार व्हती, आन् माझी चूल त्याच कामावर पेटायची.

आल्या दिवशीच ती म्हणाली, "ताई, तुम्ही आडावरनं आणा, मी वाटते."

वाटायची बी कशी! पोरगं ओंजळ धरून वाकलं, की डाव्या हातानं त्याच्या कपाळावरचं केस मागं सारायची, आन् मग बारीक धार सोडायची. माझ्या शाळेची पोरं बी तिच्याच मागं लागली. कुणी पडलं-रडलं तरी तिलाच हाक. मी रांजण भरायची आन् आतल्या आत जळायची.

सायेब आले तवा मी आडावर व्हते. परत येते तर समदं ठरलेलं.

"मुलांना हिचा लळा आहे, हिलाच ठेवू," सायेब म्हणाले.

तीच बोलली, "पर सायेब, पाणी समदं ह्या आणत्यात."

"अहो, आता नळच येतोय की," सायेब हसले.

तिनं माझी बाजू घेतली, तर मला तिचा आणिकच हेवा वाटला. काम तिला गेलं, चांगुलपणा बी तिलाच गेला. मी घागर रांजणात रिती केली आन् घरला आले.

वाचणाऱ्यांनो, शाळेतलं माणूस कमी करायचं झालं, तर ते पाण्याला गेलं असताना ठरवू नका. आधी त्याला येऊ द्या.