पायाच्या नव्हत्या त्या शिरा

“घाबरण्यासारखं काही नाही. पण बाहेरून डोळ्यांना दिसतंय, म्हणजे बरंच जुनं असणार,” डॉक्टर म्हणाले. वाशीतल्या एका युरॉलॉजिस्टसमोर, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या आजारांच्या डॉक्टरसमोर, मी पँट खाली करून उभा होतो आणि छताकडे बघत होतो. आजाराचं नाव व्हेरिकोसील.

सोप्या भाषेत सांगायचं तर अंडकोषाच्या पिशवीतल्या शिरा फुगतात. रक्ताने वर जायला हवं, पण शिरांमधल्या झडपा ढिल्या पडल्या की ते खालीच साचतं. हाताला गांडुळांचा गुंता लागावा तसं लागतं. बहुतेकांना हे डावीकडे होतं. डॉक्टरांनी मला उभं राहून जोर लावायला सांगितला, मग आडवं केलं. आडवं झाल्यावर शिरा बसल्या, तेव्हा ते म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. सगळं काम उभ्याने. संध्याकाळ झाली की डावीकडे जड, ओढल्यासारखं दुखायचं आणि झोपलं की थांबायचं. अंघोळीच्या वेळी निळसर शिरा दिसायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, उष्णता झाली. आपल्याकडे पुरुषाला कमरेखाली जे काय होतं ते उष्णतेनेच होतं. सब्जा पिऊन पिऊन कंटाळलो, शिरा जागच्या हलल्या नाहीत.

नंतर डॉपलर सोनोग्राफी. रक्त कुठे उलटं वाहतंय ते यात दिसतं. बाकावर माझ्याशिवाय सगळ्या गरोदर बायका होत्या. एका आजीने प्रेमाने विचारलं, “मिसेस आत गेली का?” मी मान हलवली. आणि तिथेच, त्या सगळ्या पोटांकडे बघताना, मला पहिल्यांदा तो प्रश्न पडला. माझा साखरपुडा झाला होता. मला मूल होईल ना?

डॉक्टरांना हा प्रश्न विचारायला मला दुसरी भेट लागली. त्यांनी सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट पाहून म्हणाले, “शुक्राणू कमी आहेत, शून्य नाहीत. अशा शिरा असलेल्या कित्येकांना मुलं होतात, काहींना अडचण येते. तुम्हाला दुखतंय, डावीकडचा अंडकोषही थोडा लहान झालाय, म्हणून ऑपरेशन करू. सुधारणा होण्याची शक्यता चांगली आहे, पण खात्री मी देणार नाही.” मी फक्त शेवटचं वाक्य घेऊन बोनकोड्याला घरी आलो.

घरी सांगायचं कसं? मी चाचरत म्हणालो, “आई, शिरा सुजल्यात. व्हेरिको काहीतरी.”

“म्हंजे पायाच्या!” आई लगेच म्हणाली. “मना वाटलाच व्हता. दिसभर उबा ऱ्हातंस. मावशीला पन हायत, मच्छी विकाला बसतं ती.”

मी गप्प बसलो. एवढंच माझं चुकलं, पण त्याला फळं भरपूर आली. आईने रोज खोबरेल तेलाने माझ्या पोटऱ्या चोळल्या. मावशीने तिचे घट्ट पायमोजे पाठवले. एवढी सेवा माझ्या पायांची जन्मात झाली नव्हती.

सायलीला, माझ्या होणाऱ्या बायकोला, मात्र खरं सांगायचंच होतं. लग्न तिचं होतं. खाडीकाठी चालताना मी सगळं एका दमात बोललो, रिपोर्टसकट.  

“तुझ्या आईनं आमच्याकडे पायाचं सांगितलंय,” ती हसत म्हणाली. “पप्पा टेन्शनमध्ये आहेत, हळदीला नवरा नाचेल की नाही.” मग हसायची थांबली. “आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. नंतर कळलं असतं तर मी गेले असते. मुलाचं पुढं बघू.” मी रडलो. लाज वाटली नाही.

ऑपरेशनचं नाव मायक्रोसर्जिकल व्हेरिकोसिलेक्टॉमी. जांघेजवळ छोटा छेद देऊन, सूक्ष्मदर्शकातून बघत, बिघडलेल्या शिरा बांधतात. मग रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून जातं. दुखलं, पण सोसवेल एवढंच.

भेटायला अर्धं गाव आलं. काकीने आल्या आल्या चादर पायांकडून वर केली. “पट्टी कुटं हाय?” मी म्हणालो, “आतून केलंय.” “काय सायन्स हाय!” काकी म्हणाली.

सगळे गेल्यावर डॉक्टर राऊंडला आले आणि बाबांसमोरच स्वच्छ मराठीत म्हणाले, “अंडकोषाच्या शिरा व्यवस्थित बांधल्यात.” ते गेले. बाबांनी उठून दार लावून घेतलं.

“मना पन हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“तेच. डावे बाजूला. लगनाच्या आगोदरपासून.”

“बाबा, मंग कदी बोल्ला नाय तू? मना वाटला, मना पोरा व्हनार नाय.”

मी काहीतरी बावळटासारखं बोललोय, अशा नजरेने बाबांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही चार भावंडं. “मंग तुमी चौगा मना काय खाडीन सापडलाव?”

मी इतका हसलो की टाके ओढले.

आता दुखणं गेलंय. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, शुक्राणू वाढलेत. शिरा दिसत असतील, जड वाटत असेल, तर भावांनो, सब्जा पिऊन वेळ घालवू नका. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. पण दाखवा.

त्या रिपोर्टसाठी गेलो तेव्हा बाबा हट्टाने सोबत आले होते. माझं झालं, मी उठलो. बाबा उठले नाहीत.

“डाक्टर,” ते म्हणाले, “माजा पन बगा.”

मी दाराकडे निघालो. “बस हितंच,” बाबा म्हणाले. “आता लाजतंस कशाला?” आणि त्यांनी पट्टा सोडायला घेतला.