सिग्नल पडला होता

कुंडलिकराव ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी घरात टिकायचे नाहीत. इंजिनावर आठ-दहा तास एका जागी उभे राहतील, पण घरी बूड टेकलं न टेकलं की उठायचे. चहा अर्धा तसाच, चपला पायात, की निघाले. कुठे निघाले ते सांगायचं नाही. एकदा मथुराबाई त्यांच्या मागोमाग गेल्या, तर नवरा एसटी स्टँडच्या फाटकाशी उभा. येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी लांबूनच डोळे बारीक करून वाचत होता. ‘मंगळवेढा’ असं पुटपुटायचा, आणि गाडी जवळ आली की ती निघायची नातेपुत्याची.

“आवं, गावाला जायचंय का कुटं?” मथुराबाईंनी विचारलं.

“न्हाय.”

“मग पाट्या कशाला वाचताय? म्हातारपणी कंडक्टर व्हायचं मनात हाय का?”

कुंडलिकरावांनी ते हसण्यावारी नेलं. पण घराकडे परतताना दुकानांच्या पाट्याही डोळे बारीक करून वाचत चालले.

गोष्ट पंच्याहत्तर सालची. कुंडलिकरावांचं वय चौपन्न. मूळचे वैरागचे, बाविसाव्या वर्षी सोलापूरच्या लोकोशेडमध्ये इंजिन पुसायला लागले, कोळसा मारत फायरमन झाले आणि शेवटी ड्रायव्हर. नोकरीला बत्तीस वर्षं झालेली, निवृत्तीला चार उरलेली. आणि डोळ्यांवर पडदा येत चाललेला. दात पडला तर माणसाला कळतं, कान गेले तर बायको ओरडून सांगते. डोळ्यांचं तसं नसतं. धुकं आहे म्हणावं, धूर आहे म्हणावं, कोळशाची कणी गेली म्हणावं. सबबी वर्षभर पुरतात. कुंडलिकरावांना पुरल्या.

इंजिनावर एक रिवाज असतो. सिग्नल ज्याला आधी दिसेल त्यानं मोठ्यानं सांगायचं. ‘आडवा!’ म्हणजे थांबा. ‘पडला!’ म्हणजे सिग्नलचा हात खाली आला, चला. दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच तेच म्हणायचं. एकाची चूक दुसऱ्यानं धरावी म्हणून हे दोन आवाज. कुंडलिकरावांच्या इंजिनावर गेलं वर्षभर आवाज दोन होते, पण डोळे एकट्या मकदूमचे.

मकदूम त्यांचा फायरमन. आठ वर्षं सोबत होता, त्यांना मामा म्हणायचा. त्याला हे कधी कळलं ते त्यानं सांगितलं नाही. फक्त पूर्वीपेक्षा लवकर आणि मोठ्यानं ओरडायला लागला. कुंडलिकराव त्याच्यामागून ‘पडला’ म्हणायचे, आणि दोघंही ते खरं धरून चालायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीस वर्षं भरल्यावर रेल्वेत स्वतःहून निवृत्ती घेता यायची. तसा अर्ज केला असता तर हार घालून, वाजतगाजत निरोप मिळाला असता. अर्ज दोनदा लिहून झाला, दोनदा फाडून झाला. नोकरी सोडून करायचं काय? वैरागला गेलं की अजून लोक ‘इंजनवाले आले’ म्हणून ओट्यावर जागा करून देत. त्या इंजनातून उतरलं की खाली राहतं काय, या विचारानं त्यांची झोप उडायची. आणि नाही सोडली नोकरी, रेल्वेच्या डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो, तर? ते तर डोळ्यांसमोरच होतं. मानसिंग ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वी नापास झाला. ज्याच्या गाडीवर घड्याळ लावावं असा माणूस, तो आता शेडमध्ये टेबलामागे बसून कंदील वाटायचा. कालची पोरं त्याला म्हणायची, “मामा, काच पुसून द्या की.” कुंडलिकराव शेडमध्ये शिरताना त्या टेबलाकडे बघायचं टाळत.

तपासणी जानेवारीत होती. मग कुंडलिकरावांनी एक युक्ती केली. दवाखान्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एका जुन्या सोबत्याकडून कागदावर उतरवून आणला आणि पाठ करायला घेतला. चूल पेटवताना मथुराबाईंना पाठीमागून ऐकू यायचं, “ई... एफ, पी... टी, ओ, झेड...”

“ह्यो कसला मंतर म्हनायचा?”

“डोळ्याचा.”

“गुण यील का त्यानं?”

कुंडलिकरावांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

आणि गुण आला! डॉक्टरांनी काठी ठेवली त्या ओळी त्यांनी धडाधडा म्हणून दाखवल्या. कागदावर शिक्का बसला. माणसानं पेढे वाटायचे, तर कुंडलिकराव कागद खिशात घालून शहरभर पायपीट करत राहिले. नापास झालो असतो तर निदान दुसऱ्या कुणी तरी ठरवलं असतं. आता त्यांना अडवणारं कुणीच उरलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय त्यांनी स्वतःच मोडून टाकली होती.

महिन्याभरानं मकदूमची ऑर्डर आली. ड्रायव्हरची परीक्षा तो मागेच पास झाला होता. आता पुढच्या सोमवारपासून त्याला स्वतःचं इंजिन मिळणार होतं. शेडमध्ये त्यानं पेढा पुढे केला, कुंडलिकरावांनी तो खाल्ला, पाठ थोपटली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. सोमवारनंतर त्यांच्या शेजारी नवा फायरमन येणार होता. तो कदाचित हळू ओरडेल. कदाचित ड्रायव्हर काय म्हणतो याची वाट बघेल.

शनिवारी दुपारी दोघं कुर्डुवाडीकडची पॅसेंजर घेऊन निघाले. सोबत गुंडा नावाचा दुसरा फायरमन, खाली मान घालून कोळसा मारणारा. गाडी सुटायच्या आधी कुंडलिकराव मकदूमला म्हणाले, “आज तू सिग्नल सांगायचा न्हाय.”

“काय बोलताय, मामा?”

“आडवा असंल आन मी तसाच निघालो, तर ओरड, ब्रेक लाव. पडला असंल तर गप बस. मला बगू दे.”

मकदूमनं फडक्याला हात पुसले. “मामा, हे लई कठीण काम सांगताय,” म्हणाला. पण ऐकलं त्यानं.

पहिल्या स्टेशनचा सिग्नल कुंडलिकरावांना दिसला. उशिरा, पण दिसला. “पडला!” ते ओरडले, आणि मकदूमनं मागून तेच म्हटलं. दुसराही दिसल्यासारखा वाटला. मोहोळ सुटलं. दोन्ही बाजूंना शाळूची रानं, ऊन कलतं, आणि सूर्य नेमका नाकासमोर. पुढच्या स्टेशनच्या सिग्नलचा खांब जवळ येत होता. तो तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. बत्तीस वर्षं तो तिथेच होता. पण समोर नुसता पांढरा उजेड होता. त्यांनी डोळे चोळले, काचेतून पाहिलं, काचेबाहेर मान काढून पाहिलं.

मकदूम गप्प होता. गप्प होता म्हणजे सिग्नल पडलेला होता. एवढं कळायला डोळे लागत नव्हते. फक्त ‘पडला’ म्हणायचं आणि जायचं. गाडी सुखरूप पोचली असती, कुणाला पत्ता लागला नसता. शब्द त्यांच्या जिभेवर आलाही.

त्यांनी वाफ बंद केली आणि ब्रेक लावला. धक्के खात, करकरत अख्खी गाडी उघड्या माळावर उभी राहिली. सिग्नल डोक्यावर होता, पडलेला.

“मामा!” मकदूम एवढंच म्हणाला.

मागून मल्लप्पा गार्ड खडीवरून धापा टाकत आला. “कुंडलिकराव, सिग्नल दिलाय की! का थांबलात?” त्याच्या हातात वही होती. गाडी वाटेत थांबली की किती मिनिटं आणि का, ते त्यात लिहावं लागतं. कुंडलिकराव नुसते डोळे चोळत राहिले तसं त्यानं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला काय कळायचं ते कळलं. “बरं, वाफ कमी पडली म्हणून लिहितो. होतंच असं.”

“व्हय, लिवा,” मकदूम घाईनं म्हणाला. “माजीच चूक, आग नीट न्हवती.”

“सोमवारी तुला इंजन मिळनार, आन आज तुज्या नावावर डाग?” कुंडलिकराव खवळले. “लिवा मल्लप्पा. सिग्नल पडला होता, डायवरला दिसला न्हाय.”

मल्लप्पानं वही मिटली. “वेडे आहात का? हे लिहिलं तर उद्यापासून तुम्हाला इंजिनावर चढू देणार नाहीत. त्यापेक्षा घरी जा, निवृत्तीचा अर्ज करा, मानानं बाहेर पडा. आजचं मी निभावून नेतो.”

“अर्ज केल्यावर सुटायला तीन म्हैने लागत्यात,” कुंडलिकराव म्हणाले. “तवर गाडी कोन बगनार?”

मल्लप्पानं वही उघडली, लिहिलं, आणि वाचून दाखवलं. कुंडलिकरावांनी सही केली.

डब्यातला एक शेतकरी खाली उतरून इंजिनापाशी आला होता. “का वो डायवर, का हुबी केली गाडी?”

“दिसत न्हवतं म्हनून.”

शेतकरी पोट धरून हसला. डब्यात जाऊन त्यानं ते सगळ्यांना सांगितलं, तसे सगळेच हसले. डायवर लई मस्करीखोर हाय म्हणाले.

कुंडलिकराव बाजूला झाले आणि त्यांनी मकदूमला आपल्या जागेवर उभं केलं. मकदूमचे डोळे भरले होते. पुसून त्यानं शिट्टी दिली. गाडी हलली. कुंडलिकराव पलीकडच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. कुर्डुवाडी येईपर्यंत आता त्यांना कुठेच बघायचं नव्हतं.