बसकी लाल गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःशीसुद्धा नाही — तिथे हा विषय मनात आला की मी पटकन गॅस बंद केला होता का, असलं काहीतरी आठवायला लागते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या घरात येऊन कुणाला काही विचारणार नाही. फक्त मध्ये बोलू नका. एकदा थांबले तर पुन्हा सुरू होणं कठीण आहे.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे गाडीची नाही — पण गाडीपासून सुरू केलेलं बरं.

यांचं मानकोली नाक्यावर गॅरेज होतं. आणि आमच्याकडे एक काळी अँबेसडर होती. कुणीतरी भंगारात काढलेली, यांनी वर्षभर खपून चालती केलेली. आमच्या वस्तीतली ती पहिली गाडी. वस्तीतल्या कितीतरी मुली तिच्यातून सासरी गेल्या, कितीतरी बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात पोचल्या. ती सगळ्यांची लाडकी होती. माझीसुद्धा होती हो, खोटं कशाला बोलू?

पण तिच्यातली पुढची सीट सासूबाईंची. दर रविवारी आम्ही खारबावला जायचो, माझ्या नणंदेकडे, कुंदाकडे. सासूबाई पहाटेपासून तयार. इस्त्रीचं पांढरं लुगडं, हातात रुमाल, कुंदासाठी सुकटीचा डबा. पुढे बसायच्या आणि काच पूर्ण खाली करायच्या, ऊन असो की धूळ. ज्या गावांमधून तरुणपणी डोक्यावर ओझं घेऊन, रस्त्याच्या कडेकडेने, खाली मान घालून चालल्या होत्या, त्याच गावांमधून त्या आता हात बाहेर टेकवून जायच्या. कुणी ओळखीचं दिसलं की मागे वळून मला म्हणायच्या, ‘त्याला सांग, हळू घे.’ मला ते कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. मी शिक्षिका आहे, मुलांना हेच तर शिकवत होते.

आणि मी मागे. माझ्या एका बाजूला शेजारची मावशी, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी सून, मांडीवर डबे. सहा दिवस शाळा, घर, भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट. आणि सातव्या दिवशी हे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या शेजारी बसून मी रस्ता पाहिला नव्हता. यांच्या मानेवरचा तीळ मात्र मला पाठ होता. हसू नका. माणूस कशाने गुदमरेल ते सांगता येत नाही.

आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आई आणि मुलगा एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं, जीव होता दोघांचा — पण सासरे गेल्यापासून सगळं माझ्यामार्फत. ‘त्याला सांग, चष्मा मोडलाय.’ ‘आईला विचार, डॉक्टरकडे कधी जायचं.’ एकाच खोलीत बसलेले असले तरी मान माझ्याकडे. आधी मला मजा वाटायची. नंतर कंटाळा आला. आणि मग — मग एक दिवस मला त्याचा उपयोग सापडला.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. अँबेसडरचा सांगाडा गंजून गेला. यांनी जोड दिले, पत्रे ठोकले, शेवटी एका संध्याकाळी बोनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि रडले. दुसरी गाडी घ्यायची ठरली. गॅरेजमध्ये दोन होत्या. एक पांढरी, चार दरवाजांची, कुणाच्याही घरी असते तशी. आणि दुसरी ती लाल.

लाल गाडी इटालियन. दोन दरवाजांची, बसकी, लांब नाकाची. एका यंत्रमागवाल्या शेठने तेजीच्या दिवसांत दिल्लीहून, कुठल्याशा परदेशी साहेबाची जुनी म्हणून आणली होती. मंदी आली तशी ती कारखान्यात ताडपत्रीखाली पडली. काढली तेव्हा तिच्यावर कापसाचा थर होता. शेठ यांना म्हणाला होता, “ले जाओ भाई, इसको खडी देखता हूँ तो जी जलता है.” यांचा तिच्यावर डोळा होता. इंजिनचा आवाज ऐकवायला मला मुद्दाम गॅरेजवर नेलं, दरवाजा उघडून धरला आणि म्हणाले, “बस ना.”

मी बसले. पुढच्या सीटवर. यांच्या शेजारी. सीट इतकी खाली की जमिनीवरच टेकल्यासारखं वाटलं. समोर लाकडी पट्टीत गोल गोल काटे, आणि मागे? मागे नुसती फळी. तिथे कुठली मावशी बसते आणि कुठली सून. मग उतरायला गेले, तर उठताच येईना. दरवाजा धरून, अंगाला हिसका देऊन उठले. तेव्हा माझं वय ते काय!

त्याच क्षणी माझ्या मनात आलं — आईंच्या गुडघ्यांना हे जमणार नाही.

हे तुम्ही नीट ऐका. मला नंतर सुचलं नाही. आधी सुचलं. आणि सुचल्यावर वाईट वाटलं नाही, मोकळं वाटलं.

यांनाही शंका आली होती. हात पुसत म्हणाले, “आईला बसता येईल का गं? नाहीतर ती पांढरीच बरी. तिला विचार.”

मी म्हटलं, “विचारलंय मी. म्हणाल्या, त्याच्या आवडीची घेऊ दे, माझे गुडघे काय आज आहेत, उद्या नाहीत.”

विचारलं नव्हतं. एक अक्षर विचारलं नव्हतं. यांचे डोळे भरून आले. आईने मन मोठं केलं म्हणून.

घरी आले. सासूबाई म्हणाल्या, “शालन, त्याला सांग, दरवाजा मोठा असंल अशी घे. मना वाकाला न्हाय व्हत.” मी म्हटलं, “आई, त्यांनी ठरवलंय. मी बोलून पाहिलं, अंगावर आले. तुम्ही आता विषय काढू नका.”

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मुलगा अंगावर येतो, हेच त्यांना नवीन होतं.

गाडी दारात आली तेव्हा सगळी वस्ती गोळा झाली. सासूबाईंनी तिला हार घातला, आणि रीतीप्रमाणे पुढच्या सीटवर बसायला गेल्या. एक पाय आत गेला. मग तोल जाऊन त्या धपकन खाली बसल्या, लुगडं गुडघ्यावर आलं. बसल्या तर बसल्या, पण उठता येईना. दोन बाप्यांनी काखेत हात घालून ओढून बाहेर काढलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. यांना वाटलं, आई आपल्यासाठी एवढा त्रास सोसतेय. सासूबाईंना वाटलं, पोराने हे मुद्दाम केलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं? लुगडं नीट केलं त्यांचं.

त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. एसटीची पायरी चढवत नव्हती, टेम्पोत बसायला लाज वाटत होती. खारबाव सुटलं. कुंदा अधूनमधून यायची, पण तिचंही घर होतं, म्हशी होत्या. रविवारी सासूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून दारात बसायच्या, मग दुपारी बदलायच्या. यांनी किती वेळा मला म्हटलं, आईला विचार, रिक्षा करू का खारबावला? मी विचारलं — हे मात्र विचारलं. त्या म्हणाल्या, “त्याला सांग, मी हाय ती बरी हाय.” हा निरोप मी अगदी शब्दासकट पोचवला. खरे निरोप द्यायला मला कधीच जड गेलं नाही.

आणि मी पुढच्या सीटवर. मिळाली ना? दापोड्याच्या खड्ड्यांत गाडीचं पोट घासायचं, की यांचा जीव वरखाली. मानकोलीला कोंडी झाली की दोन्ही बाजूंना ट्रक, आणि आमच्या कानांशी त्यांची चाकं. माझ्या बाजूची काच अडकलेली, उघडायचीच नाही. पार्ट मिळत नव्हता. यांचा चेहरा मला आता शेजारून दिसायचा, पण हे समोर बघायचे. एकदा म्हणाले, “आई माझ्यावर रागावलीय का गं?” मी म्हटलं, “छे, काहीतरीच.” बाहेर हॉर्न वाजत होते. मला दार उघडून पळून जावंसं वाटलं, पण दार उघडायला शेजारच्या ट्रकने जागाच ठेवली नव्हती.

गाडी पुढे तीनेक वर्षांत विकली गेली. तेव्हा तरी सांगता आलं असतं. तोवर सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. आता कुठली गाडी आणि कुठलं खारबाव, असं मी स्वतःला समजावलं.

त्या गेल्या त्या दिवशी दुपारी मी एकटीच उशाशी होते. हे डॉक्टरांना आणायला गेले होते. सासूबाई शुद्धीवर होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “त्याला सांग, गाडीचं मी मनात न्हाय ठेवलं. पोर हाय माजा. सांग हां.”

मी हो म्हटलं. हे डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा उशीर झाला होता.

आता तुम्हीच बघा. तो निरोप दिला असता तर यांनी विचारलं असतं, गाडीचं काय? तिनेच तर घे म्हणून सांगितलं होतं. आणि मग सगळंच उलगडलं असतं. म्हणून मी दिला नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याऐवजी आम्ही जलदान विधी करतो त्या दिवशीही नाही.

हे आता थकले आहेत. दरवर्षी आईच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, फोटोसमोर मेणबत्ती लावतात आणि मागे न वळता मला विचारतात, “शालन, आई शेवटी काही बोलली होती का गं माझ्यासाठी?”

मी म्हणते, “नाही हो. झोपेतच होत्या.”

याही वर्षी तसंच म्हटलं.