काटेवाले गनीचाचा

गनीचाचांचा स्वतःच्या काट्यावरही विश्वास नव्हता. सकाळी दुकान उघडलं की कापडी पिशवीतून एक पितळी किलो काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि दुकानातल्या एकेका काट्यावर ठेवून आकडा बघायचे. काल संध्याकाळी बरोबर असलेला काटा रात्रीतून कुठे जाणार, असं मी एकदा विचारलं. चाचा म्हणाले, "काटा बी मानूसनागत शे, बापू. सकायले एक सांगस, दुपारले दुसरं. आपन इचारी लेवानं." पिंपळनेरच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करण्याचं हे एकच दुकान होतं, आणि त्याला लागून माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं. मधली भिंत पत्र्याची होती. बावीस वर्षं मी त्या पत्र्यापलीकडचं खोकणं, रेडिओ आणि किलो ठेवल्याचा आवाज ऐकला. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात, आणि दिवसभर गाणी चालू असूनही ती बाजू मला सुनी वाटते.

चाचांना खोटं बोलता येत नव्हतं, असं म्हटलं तर कौतुक वाटेल. पण शेजारी राहणाऱ्याला त्याचा जाचही होतो. माझ्या बायकोने हौसेने वांग्याचं भरीत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "चाचा, कसं झालं होतं?" चाचा म्हणाले, "तिखट बरं व्हतं बेटा, मीठ इसरनी तू." ती दोन दिवस फुगून बसली. पण पुढे घरी काही नवीन केलं की पहिली वाटी चाचांकडेच जायची, कारण आम्ही बाकीचे सगळे 'छान छान' म्हणणारे. कुणाच्या मयतीला गेले आणि गेलेला माणूस नाठाळ असला, तर लोक त्याचे गोडवे गात असताना चाचा चपलांकडे बघत गप्प बसायचे. माझ्या झेरॉक्सची शाई फिकी येते हे गिऱ्हाइकांच्या आधी तेच सांगायचे, तेही गिऱ्हाइकासमोर.

'अंदाजे' या शब्दाशी तर त्यांचं हाडवैर. साक्री इथून किती लांब, असं कुणी विचारलं तर ते एसटी स्टँडपासून की नाक्यापासून, हे आधी विचारून घेत. "अंदाज घर ठेवानं, दुकानमा आनानं नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी नक्कल करायचो आणि ते खो खो हसायचे. चाची म्हणायची, लग्नात मौलवींनी 'कबूल है' विचारलं तेव्हाही हे क्षणभर थांबले होते, नीट विचार करून सांगायला.

पोलिसांचं त्यांच्यावाचून अडायचं. चोरटं चंदन सापडो, गुटखा सापडो, माल मोजायला काटा लागतो आणि तो मोजणारा खात्रीचा माणूस लागतो. "वजनकाट्यासह हजर राहावे" असं पत्र आलं की चाचा काटा, बॅटरी आणि किलोची पिशवी घेऊन निघायचे. पंचनाम्याला दोन पंच लागतात, त्यातला एक बहुतेक वेळा मी असायचो. दुकान शेजारी, अक्षर बरं, आणि पंच 'प्रतिष्ठित' असावा लागतो म्हणतात. मला ते फार आवडायचं. जीप आली की मी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालायचो. चाचा बघून म्हणायचे, "चल नवरदेव."

त्या जानेवारीतही असाच इस्त्रीचा शर्ट घालून निघालो होतो. आमच्या भागातले देवरे हवालदार एका मळ्यात वॉरंट बजावायला गेले होते. काम साधं होतं. मळा दोघा भावांचा, त्यांतला थोरला एका जुन्या मारामारीच्या खटल्यात तारखांना जात नव्हता, म्हणून कोर्टाने वॉरंट काढलं होतं. थोरला घरीच सापडला. "कपडे घालून येतो," म्हणाला, पण घरात जायच्या ऐवजी कांदाचाळीकडे कुलूप घेऊन धावला. देवरे शेतकऱ्याचं पोर. त्या दिवसांत चाळी रिकाम्या असतात, आणि कांदा असला तरी त्याला वारा लागतो. ही चाळ मात्र चारी बाजूंनी ताडपत्रीने आवळलेली. देवरेंनी विचारलं, "रिकाम्या चाळीला ताडपत्री कशाला रे?" ताडपत्री वर केली तर आत गांजाची पोती रचलेली, आणि पोत्यांमागे दोन गडी अंग चोरून बसलेले.

आम्ही पोचलो तेव्हा ठाण्याचे साहेब आलेले होते आणि थोरल्यासह तिघांना अटक करून बांधावर बसवलं होतं. चाचांनी काटा मांडला, किलो ठेवला, आकडा साहेबांना दाखवला, मला दाखवला आणि बांधावर बसलेल्या थोरल्यालाही दाखवला. "यानं बी देखाले पाहिजे, मालनं वजन याना नाववर चढनार शे." थोरला दुसरीकडे बघत राहिला. मग एकेक पोतं चढू लागलं. देवरे पोती उचलून द्यायला हात लावत होते, चाचा आकडा सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. आम्ही तिघे हात लांबवला तर एकमेकांना लागू इतके जवळ होतो.

मोटारसायकलचा आवाज आला तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. धाकटा भाऊ चाळीच्या कोपऱ्यापाशी उतरला. "मना भाऊले सोडा," एवढंच म्हणाला, ओरडला सुद्धा नाही. त्याच्या हातात गावठी कट्टा होता. मी त्याला ओळखत होतो, तीनच दिवसांपूर्वी त्याच्या आधार कार्डाच्या प्रती मी काढून दिल्या होत्या. त्याने गोळी झाडली आणि देवरे मांडी धरून पोत्यांवर कोसळले. धाकट्याने एकवार आमच्याकडे पाहिलं. त्याची आणि माझी नजरानजर झाली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मग तो मोटारसायकलवर बसून गेला आणि दोन दिवसांनी पकडला गेला.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून देवरेंच्या मांडीला आवळून बांधला आणि जीपमध्ये घालेपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले. जीप गेली. साहेब म्हणाले, राहू द्या आता. चाचांचा सदरा रक्ताने भरला होता. ते म्हणाले, "तीन पोता राही गयात, साहेब. मोजी लेऊत. नही ते उद्या म्हनतीन, पाच व्हतात." तीन पोती मोजली. मी पानापानावर सही केली. देवरे वाचले, पण पाय कायमचा अधू झाला.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. साक्षीचं समन्स आलं आणि त्याच आठवड्यात दुकानात एक गृहस्थ आले. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. चार कागदांच्या प्रती काढल्या, आणि जाताना म्हणाले, "मुलगी साक्रीला कॉलेजला जाते ना आपली? सातच्या गाडीने?" मी हो म्हणालो. "चांगलं आहे," म्हणाले आणि गेले. पत्र्यापलीकडे चाचांचा रेडिओ चालू होता. मी एक हाक मारली असती तर ते आले असते. मारली नाही. बायकोलाही सांगितलं नाही. काय करायचं ते माझं त्याच क्षणी ठरलं होतं, आणि ते कुणी मोडून काढू नये म्हणूनच मी गप्प राहिलो.

धुळ्याला आम्ही दोघे एकाच एसटीने गेलो. चाचांनी काट्याचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घेतलं होतं, किलोची पिशवी मांडीवर. वाटेत त्यांनी मला विचारलं, "तब्येत बरी शे ना? चेहरा उतरेल शे." मी म्हणालो, "पित्त झालंय." कोर्टात आधी मला पुकारलं. देवरे काठी टेकून बाकावर बसले होते. गोळी कोणी झाडली, असं सरकारी वकिलांनी विचारलं. मी म्हणालो, "मला दिसलं नाही." आणि पंचनामा? "पोलिसांनी सांगितलं तिथे सही केली." वकिलांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. पुढे काय काय विचारलं ते मला आठवत नाही. देवरे माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीवरच्या फरशीकडे बघत होते, एवढं आठवतं.

माझं झाल्यावर मी मागच्या बाकावर बसलो आणि चाचांना बोलावलं. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, अंदाजे किती अंतरावरून गोळी झाडली? चाचा म्हणाले, "अंदाज मी सांगत नाही साहेब. मी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मोजलं, ते सांगतो." कोर्टात हसू उमटलं. वकील चिडले. म्हणाले, "तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या पंचाला काही दिसलं नाही, मग तुम्हालाच बरं दिसलं?" चाचांनी मान वळवली नाही. म्हणाले, "त्यांना काय दिसलं ते त्यांना विचारा. मला माझ्या डोळ्यांनी दिसलं ते मी सांगतो." मग धाकट्याकडे हात करून म्हणाले, "यांनी झाडली."

परतीच्या गाडीत मी मुद्दाम मागे जाऊन बसलो. साक्री यायच्या आधी चाचा उठून माझ्याजवळ आले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "जेवना का बापू? सकायपासून उपाशी शे तू." मी म्हणालो, "चाचा, मी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू मांगे व्हता. पोतासना मांगे. तुले कसं दिसी?"

मी मागे नव्हतो. ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. गोळी सुटली तेव्हा त्यांच्या कोपराला माझा कोपर लागला होता. भरितातलं मीठ माफ न करणारा माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला, आणि मी ते भाकरीबरोबर खाऊन टाकलं.

कोर्टाने चाचांची साक्ष ग्राह्य धरली आणि दोघा भावांना शिक्षा झाली. बाजारात चर्चा माझीच जास्त झाली असती. पण कुणी विषय काढला की चाचा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "बापू मांगे व्हता." चाचा म्हणतात म्हटल्यावर कोण शंका घेणार? लोकांनी मान डोलावली. देवरे तेवढे माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. बाकी गावात माझी अब्रू राहिली ती चाचांच्या शब्दावर. मीच मनातल्या मनात रोज त्यांना सांगायचो, की चाचा, मला दिसलं होतं. पत्र्याच्या अलीकडून सांगायचो. एकदा तर उठून त्यांच्या दारापर्यंत गेलो. ते कुणाच्या तरी काट्याची स्प्रिंग बदलत होते. वर बघून म्हणाले, "चहा सांगू का?" मी म्हणालो, सांगा.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. आठ दिवस धुळ्याला दवाखान्यात होते. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा खोलीत माणसं होती. आता वाटतं, माणसांना बाहेर जा म्हणायला हवं होतं. पण असल्या गोष्टींत मी कायमच उशिराचा.

चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नसीम मालेगावला शिक्षिका आहे, ती आली होती. ओसरीवर चहा घेता घेता ती खटल्याचं बोलू लागली. साक्षीच्या आठवड्यात एक गृहस्थ त्यांच्याकडेही आले होते. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. नसीम तेव्हा इथेच राहायची आणि रोज एकटी शाळेत शिकवायला जायची, ती किती वाजता निघते हे त्यांना माहीत होतं. चाचांनी त्या संध्याकाळी तिला समोर बसवून विचारलं होतं, "बेटा, जीव तुझाही आहे. काय करू, सांग." ती म्हणाली होती, "जे पाहिलं ते सांगा, अब्बा." मग चार महिने ती मालेगावला मामांकडे राहिली.

मी कप खाली ठेवला. खटल्यानंतर इतकी वर्षं तो माणूस माझ्या शेजारी बसला आणि यातलं अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून बोलला नसावा.

नसीम म्हणाली, "तुमची तरी सुटका झाली, काका. तुम्ही मागे होतात ते बरं झालं. अब्बा नेहमी सांगायचे."

मी म्हणालो, "मी मागे नव्हतो, नसीम. शेजारीच होतो. मला सगळं दिसलं होतं."

ती चिडली नाही. तिच्या वडिलांसारखंच सरळ विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?"

हा प्रश्न गावात मला कधीच कुणी विचारला नव्हता. कुणी विचारायच्या आत चाचाच उत्तर देऊन टाकायचे. मी दाराकडे बघत बसलो, चाचा आतून येतील आणि काहीतरी बोलतील म्हणून.