स्थळ बघायला डहाणूला

नाशिकहून निघताना शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "एवढ्या सकाळी कुठे स्वारी?"

"डहाणूला. स्थळ बघायला," मी म्हणाले.

त्या खळखळून हसल्या. मी अडुसष्ट वर्षांची आणि बिनलग्नाची, तेव्हा हसण्यासारखंच होतं ते. पण मी थट्टा करत नव्हते. मला स्वतःला राहायला जागा बघायची होती, आणि या खेपेला पसंत-नापसंत ठरवणारी मी होते.

माझं आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात गेलं. सुट्ट्या लागल्या की फिरायचं आणि परत आलं की त्यावर लिहायचं, हा शिरस्ता. गेल्या पावसाळ्यात भाजी घेऊन येताना माझ्याच कॉलनीचं वळण मला ओळखता येईना. त्याआधीही दूध उतू जाणं, एकाच माणसाला एकाच कामासाठी दोनदा फोन करणं, असं बारीकसारीक चाललं होतं. पण भूगोलाच्या बाईंनी रस्ता चुकावा हे मला गंभीर वाटलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, विस्मृतीचा आजार आहे, ही सुरुवात आहे, हळूहळू वाढत जाईल. किती हळू, ते त्यांना सांगता येईना. "तुम्हाला ठरवता येतंय तोवर पुढचं ठरवून टाका," एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला तो सल्ला आवडला.

वृंदाला आवडला नाही. वृंदा माझ्या भावाची मुलगी. भाऊ आणि वहिनी गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना उरलो आहोत. ती वापीला एका कारखान्यात नोकरी करते आणि तिथेच राहते. "आत्या, तू माझ्याकडे ये," हे तिचं पालुपद. ती उजाडता घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. मधला सगळा दिवस मी बाहेरून कुलूप लावलेल्या फ्लॅटमध्ये काढायचा, याला माझी तयारी नव्हती. शेवटी तडजोड झाली. तिला सुट्टीच्या दिवशी सहज येता येईल अशा अंतरावर, आठवण गेलेल्या माणसांना सांभाळणारं एखादं लहानसं घर बघायचं. वापीच्या खाली नकाशात बोट ठेवलं की तलासरी आणि डहाणू येतात. म्हणून वृंदा मला न्यायला नाशिकला आली आणि आम्ही निघालो.

त्र्यंबक मागे पडलं. मोखाड्याकडचा रस्ता वळणावळणांचा. दिवस थंडीचे होते, भातकापणी होऊन गेली होती आणि खाचरांतून नुसती पिवळी खुंटं राहिली होती. जव्हारला चहा घेतला. पुढे उतार लागला, हवा उबदार होत गेली, ताडाची झाडं दिसू लागली. कासाजवळ नदीवरचा पूल आला. "सूर्या," मी म्हणाले. नाव आपसूक आठवलं म्हणून बरं वाटलं. वृंदाने मोबाइलवर खात्री करून घेतल्याचं मी पाहिलं.

चारोटीला हायवे लागला आणि आम्ही उत्तरेला तलासरीकडे वळलो. इथला हायवे म्हणजे अहमदाबादकडे धावणारे ट्रक आणि बस. आम्हाला बघायचं होतं ते पहिलं घर त्याच्या कडेलाच होतं. तिमजली, नवा रंग दिलेली इमारत, आत चकचकीत फरशी. व्यवस्थापक तरुण आणि फार नम्र होता. त्याने आम्हाला सगळं हिंडून दाखवलं. खोल्या स्वच्छ, बाथरूममध्ये धरायला दांड्या, ऑक्सिजनची सोय. मोठ्या हॉलमध्ये पंधरा-वीस म्हातारी माणसं खुर्च्यांवर टीव्हीकडे तोंड करून बसली होती.

"यांना जेवणात काय चालतं?" त्याने वृंदाला विचारलं.

"त्यांनाच विचारा," वृंदा म्हणाली.

तो ओशाळून हसला आणि पुढचा प्रश्न परत तिलाच विचारला.

मी नाशिकहून निघताना एक प्रश्न मनाशी ठरवून आले होते. तो प्रत्येक ठिकाणी विचारायचा होता. "पुढे आजार वाढला आणि मी कुणावर हात उगारला, तर तुम्ही काय करता?"

"मॅडम, तशी वेळ आमच्याकडे येतच नाही," तो म्हणाला. "टायमावर गोळी देतो. सगळे एकदम शांत असतात."

शांत होतेच ते. आम्ही हॉलमध्ये आलो, बोललो, निघालो, पण एकही डोकं मागे वळलं नाही.

बाहेर हायवेलगत एका टपरीवर गर्दी होती. मातीच्या मडक्यात कंद, वांगी, वालपापडी आणि हिरवा मसाला भरून, तोंड पाल्याने बंद करून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. "आम्ही उकडहंडी म्हणतो," टपरीवाली म्हणाली, "बॉर्डरच्या पल्याड गेलात की उंबाडियू." पाल्याचा धुरकट वास भाज्यांत उतरला होता. बरोबर ताक. वृंदा कंद सोलत म्हणाली, "स्वच्छ होतं, आत्या. आणि मला इथून जवळ पडेल."

"तुला जवळ पडेल हे खरं," मी म्हणाले. "पण तिथे टीव्हीवर काय चाललं होतं, सांग."

तिने आठवून बघितलं. "आवाज बंद होता बहुतेक."

"होता. आणि कुणाची तक्रार नव्हती."

दुसरं घर आशागडला. चारोटीला परत येऊन डहाणूच्या रस्त्याला लागलं की वाटेतच. बंगला छान, अंगणात बोगनवेल, राहणाऱ्या बायका पत्ते खेळत बसलेल्या. मला तिथे लगेच रमता आलं असतं. मालकीणबाईंनी माझा प्रश्न ऐकला आणि सरळ सांगितलं, "हे बघा, स्वतःचं स्वतः करणारी माणसंच आम्ही ठेवतो. पुढच्या अवस्थेत घरच्यांना बोलावून घेतो." मी त्यांचे आभार मानले. ज्या दिवसांसाठी जागा शोधत होते, नेमक्या त्याच दिवसांत त्या मला परत पाठवणार होत्या.

संध्याकाळी डहाणूत पोचलो. लॉजवर सामान टाकून किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखाली खारा वारा, ओहोटीने दूरवर गेलेलं पाणी आणि दक्षिणेला वीजकेंद्राची उंच चिमणी. कोळीवाड्याच्या बाजूला बांबूंच्या वलांडींवर (मासे वाळवायच्या मांडवांवर) बोंबील जोडीजोडीने लटकत होते. एक बाई वाळलेले काढून टोपलीत टाकत होती. वृंदाने नाकाला रुमाल लावला. बाई हसली.

"कोणाकडे आल्या?"

"राहायला जागा बघायला," मी म्हणाले.

"बंगला घेता?"

"नाही. म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तसलं घर."

तिने वृंदाकडे बघितलं. "पोरगी ठेवते तुम्हाला?"

वृंदाचा चेहरा उतरला. "मीच बघते आहे," मी घाईने म्हणाले. "मला विसरायचा आजार आहे."

"अस्सं." ती बोंबील काढतच राहिली. "माझी सासू शेवटी मला आई म्हणायची. मी तिची सून, ती मला आये, आये करून हाका मारायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? ओ द्यायची."

आम्ही तिच्याकडून थोडे सुके बोंबील घेतले. लॉजवाल्याने खोलीत वास येतो म्हणून ते गाडीच्या डिकीत ठेवायला लावले, आणि पुढचा सगळा प्रवास आम्ही खिडक्या उघड्या टाकून केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावली. चिकूच्या वाडीत एक जुनं बैठं घर, पुढे लांब ओटी. घर चालवणाऱ्या हेमलताताई पन्नाशीच्या. माहेर डहाणूच्याच मच्छीमार कुटुंबातलं. मुंबईच्या एका इस्पितळात बरीच वर्षं नर्स होत्या. त्यांच्याकडे दहाएक माणसं राहतात आणि आसपासच्या पाड्यांवरच्या बायका त्यांची देखभाल करतात. भिंतींचा रंग उडालेला. एका खोलीत ओल आलेली. रात्री काही झालं तर डॉक्टर डहाणूहून यायचा, हेही हेमलताताईंनी विचारायच्या आधीच सांगितलं. वृंदाच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या.

मी माझा प्रश्न विचारला.

"मारतात," हेमलताताई म्हणाल्या. त्यांनी बाही वर करून कोपराजवळचा जुना ओरखडा दाखवला. "मग आम्ही मागे सरतो. जरा वेळाने दुसरं कोणीतरी जातं. बहुतेक वेळा पोट दुखत असतं, नाहीतर कपडे ओले झालेले असतात. सांगता येत नाही म्हणून हात उठतो. गोळी लागते कधी कधी. पण पहिल्यांदा कपडे बघायचे."

त्या मला ‘आपण’ म्हणाल्या नाहीत, मॅडमही म्हणाल्या नाहीत. "चला बाई, ओटीवर बसा, मी यांना औषधं देऊन येते," म्हणून निघून गेल्या.

ओटीवर एक गोरीपान म्हातारी सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. मला बघताच ती म्हणाली, "आवी गई? क्यारनी राह जोउं छुं." (आलीस? केव्हाची वाट बघतेय.) मी मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. तिने सुपातले अर्धे तांदूळ माझ्याकडे सरकवले. नंतर कळलं, त्या कांताबेन. मुंबईतल्या एका मोठ्या घरातल्या, आणि कोणीही नवी बाई आली की ती त्यांची धाकटी बहीण असते. तांदळात खडा एकही नव्हता. तो रोज निवडला जाणारा तांदूळ होता. मी कांताबेनच्या बोटांकडे बघत राहिले. बोटं दाणे बाजूला करत होती, परत मिसळत होती. मला त्यांची दया आली नाही आणि भीतीही वाटली नाही, याचं नवल वाटलं. मी निवडू लागले.

जेवणात भाकरी, वालाची आमटी आणि ज्यांना चालतात त्यांना तळलेले बोंबील होते. जेवून वृंदा हेमलताताईंशी बोलत बसली आणि मी वाडीत फेरी मारायला गेले. चिकूची झाडं गच्च, गोल, एकसारख्या रांगांत लावलेली. खाली सावली आणि पाचोळा. थोडं चालले आणि वळले, तर घर दिसेना. दुसऱ्या रांगेतून आले, तिथेही झाडंच. दाट झाडीतून ऊन खाली उतरत नव्हतं, सावलीवरून दिशा काढायची सोय नव्हती. आयुष्यभर मुलांना दिशा शिकवल्या, आणि आता प्रत्येक रांग तीच वाटत होती. हे कोणाचंही झालं असतं की माझंच होत होतं, ते मला ठरवता येईना. हाक मारावीशी वाटली, पण कोणाला मारायची, घर चालवणाऱ्या बाईंचं नाव आठवेना. वृंदाचं आठवत होतं. तेवढं घट्ट धरून मी एका झाडाखाली बसले.

काही वेळाने हेमलताताई आल्या. हाका मारत आल्या नाहीत, नुसत्या चालत आल्या आणि शेजारी पाचोळ्यात बसल्या.

"रस्ता चुकले," मी म्हणाले.

"हो. मी नवीन होते तेव्हा मीपण चुकले होते. ही वाडी आहेच तशी."

"खरं सांगता, की माझं मन राखता?"

त्यांनी जरा विचार केला. "चुकले होते हे खरं. पण बाई, पुढच्या वेळी तुम्ही चुकाल ना, ते वाडीमुळे नसेल."

डॉक्टरांनंतर माझ्या आजाराविषयी इतकं सरळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मग त्या उठल्या आणि हात पुढे केला. मी तो धरला.

घरापाशी वृंदा मला शोधत सैरावैरा फिरत होती. मला बघून ती हेमलताताईंवरच कडाडली. "फाटक उघडं होतं! पुढे रस्ता आहे. ही बाहेर गेली असती तर?"

"फाटकाचं तुमचं बरोबर आहे, ताई," हेमलताताई म्हणाल्या. "कडी खराब आहे. आजच बदलून घेते. पण वाडीत फिरणं मी कोणाचं बंद करत नाही. लांबून लक्ष असतं आमचं. तरी पडायचं असेल तर माणूस पडतोच. काहीच होणार नाही अशी ग्वाही मी नाही देणार."

"तलासरीवाले देत होते," वृंदा म्हणाली.

"देत असतील."

वृंदा ओटीच्या पायरीवर बसली. ती लहानपणी रुसली की अशीच बसायची. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मला ही जागा पसंत आहे."

"ओल आहे भिंतीला."

"रंग लावून घेऊ."

"डॉक्टर लांब आहे."

"आहे. पण आत्ता मी हरवले होते, वृंदा. आणि मला शोधायला आलेल्या बाईने मला गुन्हेगारासारखं वागवलं नाही. पुढे माझं रोजच असं होणार आहे."

ती उठली, हेमलताताईंकडे गेली आणि कडी कुठल्या मापाची लागेल ते विचारू लागली. मी ते होकार म्हणून घेतलं. हेमलताताईंनी होळीनंतर यायला सांगितलं. तोवर खोली तयार करून ठेवणार होत्या.

परतीच्या वाटेवर कासा ओलांडून गाडी चढणीला लागली. ताड मागे राहिले. मोखाड्याच्या अलीकडे वृंदाने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आत्या, एक विचारू? तू मला ओळखेनाशी झालीस, की मी येत जाऊ का? तुला त्रास तर नाही होणार?"

खाली दरीत खाचरं होती आणि दूर कोणीतरी पाला जाळत होतं. मी तिच्या प्रश्नाचा नीट विचार केला, कारण असा विचार करायला माझ्याजवळ किती दिवस आहेत ते मला ठाऊक नाही. आजवर जिथे जिथे गेले तिथे अनोळखी माणसांनीच मला चहा दिला, वाट सांगितली, घरात घेतलं. कुणाशी माझं वाकडं आलं नाही.

"ये," मी म्हणाले. "दर वेळी नवी ओळख करून दे. अनोळखी माणसांशी मी चांगली वागते."

तिने डोळे पुसले, खिडकीची काच आणखी खाली केली आणि गाडी सुरू केली.